बन्यामिनाच्या ताटातला पाचपट वाटा

राग आला होता, हे माणूस सहज सांगतो. लोभ सुटला, आळस केला, खोटे बोललो, हेही थोड्याफार संकोचाने कबूल केले जाते. मात्र ‘अमक्याचे बरे झालेले मला पाहवले नाही’ हे वाक्य प्रार्थनासभेतल्या साक्षींमध्ये मी क्वचितच ऐकले आहे. कारण उघड आहे. रागाच्या कबुलीत माणसाचा थोडा रुबाब तरी शिल्लक राहतो. मत्सराच्या कबुलीत ‘त्याच्यापुढे मी कमी पडतो असे मला वाटले’ हेही ओघाने सांगावे लागते. पवित्र शास्त्र मात्र या बाबतीत आडपडदा ठेवत नाही. मनुष्यजातीच्या दुसऱ्याच पिढीत मत्सर येतो, कुलपतींच्या, म्हणजे इस्राएलाच्या मूळ पूर्वजांच्या, घरांतून वावरतो, इस्राएलाच्या पहिल्या राजाची झोप उडवतो, आणि येशूला रोमी सुभेदार पिलातापुढे उभे करणाऱ्या मुख्य याजकांच्या मनात काय होते हे सांगताना मत्तय आणि मार्क दोघेही त्याचेच नाव घेतात.

या विषयावरचे प्रवचन साधारणपणे एकाच वळणाने जाते: मत्सर वाईट आहे, म्हणून समाधानी राहा आणि देवाने तुम्हाला दिलेले आशीर्वाद मोजा. हा उपदेश चुकीचा नाही, पण मला तो अपुरा वाटतो, कारण मोजदाद करणारे मन स्वतःचे मोजून झाले की शेजाऱ्याचे मोजू लागते. शास्त्रातल्या मत्सराच्या कथा एकापाठोपाठ एक वाचल्या की मला प्रकर्षाने जाणवते ते हे की देव त्यांपैकी एकाही कथेत सर्वांचे वाटे सारखे करून मत्सर शमवत नाही. कमी-जास्त तसेच राहते. काही वेळा तर ते मुद्दाम सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडले जाते, आणि खरी कसोटी तिथून पुढे सुरू होते.

काइनाचेच पाहा. त्याचा भाऊ हाबेल याचे अर्पण देवाने स्वीकारले आणि काइनाचे स्वीकारले नाही, एवढेच उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आहे. का, हे तिथे सांगितलेले नाही. हाबेलाने कळपातले प्रथम जन्मलेले आणि त्यांतले पुष्ट असे आणले, काइनाने मात्र नुसते ‘शेतातले काही’ आणले, यावर भाष्यकार बोट ठेवतात. इब्री लोकांस लिहिलेले पत्र हाबेलाच्या विश्वासाकडे निर्देश करते. ही उत्तरे आपापल्या जागी ठीक आहेत. पण काइनाच्या दृष्टीने पाहिले तर तो त्या क्षणी कारण ठाऊक नसलेला माणूस आहे, आणि आपणही बहुतेक वेळा त्याच अवस्थेत असतो. देव त्याला खुनानंतर प्रथम भेटत नाही, तर खुनाच्या आधीच भेटतो. तुझा चेहरा का उतरला, असे विचारतो, पाप दाराशी टपून बसले आहे आणि तुला त्याच्यावर ताबा मिळवायचा आहे, असे बजावतो. काइन या प्रश्नाला उत्तरच देत नाही. त्याचे पुढचे बोलणे भावाशी होते, आणि त्यानंतर शेतातला तो प्रसंग घडतो.

हाबेल मेल्याने काइनाचे अर्पण स्वीकारले जाणार नव्हते, ही त्या गोष्टीतली सर्वांत साधी आणि सर्वांत भीषण बाब आहे. हाबेलाला मिळालेली मान्यता काइनाच्या वाट्यातून काढून दिलेली नव्हतीच. उलट जे काइनाचे होते तेच त्याच्या हातून गेले: तो शेतकरी होता, आणि भावाचे रक्त ज्या जमिनीने प्यायले ती जमीन यापुढे तुला आपले सत्त्व देणार नाही, हा त्याला शाप मिळाला. मत्सराचे परिणाम सांगताना नरकाकडे बोट दाखवण्याची घाई होते. शास्त्र मात्र आधी काइनाची पडीक जमीन दाखवते.

हाच धागा इसहाकाच्या विहिरींच्या लहानशा प्रसंगातही आहे, ज्याच्यावर प्रवचन झालेले मला आठवत नाही. दुष्काळाच्या दिवसांत इसहाकाने गरार प्रांतात पेरणी केली, शंभरपट पीक काढले, त्याची गुरेमेंढरे वाढली, आणि पलिष्ट्यांना त्याचा हेवा वाटला. मग त्यांनी काय करावे? इसहाकाचा बाप अब्राहाम याच्या चाकरांनी खणलेल्या विहिरी त्यांनी मातीने बुजवल्या. त्या विहिरी त्यांना बळकावता आल्या असत्या, त्यांच्यावर आपली जनावरे पाजता आली असती, आणि ते निदान लोभाचे तरी कृत्य ठरले असते. कोरड्या मुलखात, स्वतःलाही पाण्याची गरज असताना, टोपल्या भरभरून माती आणून पाण्यावर टाकणे हे मत्सराचेच काम आहे. लोभी माणसाला ती वस्तू हवी असते. मत्सरी माणसाला ती दुसऱ्याकडे नको असते, मग ती कोणालाच मिळाली नाही तरी चालते.

पण शास्त्राने या विषयावर सर्वांत जास्त जागा दिली आहे ती याकोबाच्या घराला, आणि तिथे थांबणे भाग आहे. त्या घरात मत्सर योसेफाच्या जन्माआधीच येऊन बसला होता. याकोबाची बायको राहेल निःसंतान होती आणि तिची बहीण व सवत लेआ हिला मुले होत होती, तेव्हा राहेलीने बहिणीचा हेवा केला आणि ‘मला मुले दे, नाहीतर मी मरते’ असे नवऱ्याला सुनावले. लेआला मुले होती, पण नवऱ्याचे प्रेम नव्हते. दोघींनाही दुसरीकडे असलेलेच हवे होते. अशा घरात चार आयांची मुले वाढली, आणि बापाने त्यांतल्या एकाला, राहेलीच्या योसेफाला, सर्वांदेखत वेगळा झगा शिवून दिला. शास्त्रलेखक बापाचा हा पक्षपात झाकत नाही, आणि सतरा वर्षांच्या योसेफाचे भावांविषयी बापाकडे कागाळ्या नेणे आणि आपली स्वप्ने त्यांनाच ऐकवणे हेही झाकत नाही. मत्सर करणाऱ्यांना तक्रारीला जागाच नव्हती असे म्हणता येत नाही.

त्यांचा मत्सर वाढत कसा गेला, हे बारकाईने सांगितले आहे. आधी त्यांच्याने योसेफाशी नीट बोलवेना. मग त्याच्या प्रत्येक शब्दावर द्वेष वाढू लागला. दोथानजवळ तो दुरून येताना दिसला तेव्हा ते त्याला नावानेही संबोधत नाहीत. ‘तो पाहा, स्वप्ने पाहणारा येतोय’ असे म्हणतात. तो जवळ आल्यावर त्यांचा पहिला हात पडतो तो झग्यावर. झगा अंगातून काढून घेतात, त्याला कोरड्या विहिरीत टाकतात, आणि लगेच पुढचे वाक्य येते: मग ते भाकर खायला बसले. योसेफ त्या वेळी काय करत होता, हे त्या अध्यायात कुठेच नाही. ते आपल्याला पाच अध्यायांनंतर कळते, आणि तेही भावांच्या तोंडून: मिसर देशात स्वतः संकटात सापडल्यावर ते एकमेकांना म्हणतात की तो आपल्याला काकुळतीने विनवत होता, त्याच्या जिवाचे हाल आपण पाहिले, आणि ऐकले नाही. तेव्हा मधे वीस-बावीस वर्षे लोटलेली आहेत. ती विनवणी त्यांच्या कानांतून गेलेली नाही.

वीस रुपयांना, म्हणजे चांदीच्या वीस नाण्यांना, भाऊ विकला गेला. झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाकडे पाठवला गेला. बाप छाती पिटू लागला तेव्हा त्याचे सांत्वन करायला त्याची सगळी मुले उठली, असे वाक्य तिथे आहे, आणि संपूर्ण कथेत मला याहून अस्वस्थ करणारे वाक्य सापडत नाही. त्यांना बापाचे प्रेम हवे होते. योसेफ दूर झाला की ते आपल्याकडे वळेल, असा हिशेब मनात कुठेतरी असलाच पाहिजे. प्रत्यक्षात बापाने सांत्वन नाकारले, शोक करीतच अधोलोकात जाईन म्हणून सांगितले, आणि उरलेला जीव राहेलीच्या दुसऱ्या मुलात, बन्यामिनात गुंतवला. घरात असलेल्या योसेफाने जेवढी जागा व्यापली होती त्याहून किती तरी अधिक नसलेल्या योसेफाने व्यापली.

मत्सराची कथा म्हणून आपण इथेच थांबतो, आणि पुढे क्षमेची कथा म्हणून योसेफाकडे वळतो. माझ्या मते मत्सराची कथा इथे संपत नाही. दुष्काळात धान्यासाठी आलेल्या भावांना मिसरचा अधिकारी झालेला, त्यांना ओळखू न आलेला योसेफ जेवायला बसवतो, तेव्हा तो त्यांना वडीलकीच्या क्रमाने बसवतो आणि आपल्या पुढ्यातले वाटे पाठवतो. बन्यामिनाचा वाटा इतरांच्या पाचपट असतो. हा निव्वळ धाकट्या भावाचा लाड असेल असे मला वाटत नाही. पूर्वीचा झगा आता ताटाच्या रूपाने पुन्हा एकदा राहेलीच्याच मुलापुढे आला आहे, आणि दहा भाऊ ते पाहत आहेत. ते जेवले, प्याले आणि त्याच्याबरोबर आनंदात होते, एवढेच शास्त्र सांगते. पहिल्या कसोटीला ते उतरले.

दुसरी याहून कठीण होती. बन्यामिनाच्या गोणीत योसेफानेच ठेववलेला चांदीचा प्याला निघतो, आणि योसेफ त्यांना सांगतो की चोर तेवढा माझा दास होईल, बाकीच्यांनी खुशाल बापाकडे जावे. या वेळी तर लाडक्या भावाला टाकून जायला खोटा झगाही लागणार नव्हता. पुरावा आयता होता. तेव्हा यहूदा पुढे येतो, तोच यहूदा ज्याने योसेफाला विकण्याची कल्पना काढली होती. त्याचे भाषण उत्पत्तीतल्या दीर्घ भाषणांपैकी एक आहे आणि त्यात तो बापाचे शब्द जसेच्या तसे सांगतो: ‘माझ्या बायकोपासून मला दोन मुलगे झाले, हे तुम्हाला ठाऊक आहे.’ हे वाक्य उच्चारणारा यहूदा लेआचा मुलगा आहे. बापाच्या लेखी बायको म्हणजे राहेल आणि मुलगे म्हणजे तिचे दोन, आपली आई आणि आपण त्या हिशेबात नाहीच, हे त्याला कळते. आणि ते कळूनही तो ते कोणताही डंख न ठेवता परक्या अधिकाऱ्यापुढे सांगतो, कारण त्या म्हाताऱ्याचा जीव या मुलाच्या जिवात गुंतलेला आहे. मग म्हणतो, याच्याऐवजी मला दास करून ठेवा.

बाप बदललेला नाही. पक्षपात तसाच आहे, कदाचित पूर्वीपेक्षा वाढलेला. बदलला आहे तो यहूदा. आपल्यापेक्षा दुसऱ्यावर अधिक प्रेम केले जाते ही वस्तुस्थिती त्याला आता मारायला लावत नाही. तीच त्याच्या स्वार्थत्यागाचे कारण होते. मत्सरातून सुटका कशी दिसते याचे याहून पूर्ण चित्र मला शास्त्रात इतरत्र आढळलेले नाही, आणि गंमत अशी की त्या संपूर्ण अध्यायात मत्सराचा उल्लेखही नाही.

इस्राएलाचा पहिला राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्यात हाच फरक बाप-लेकात विभागून दाखवला आहे. दाविदाने केलेल्या पलिष्टी वीर गल्याथाच्या वधाने वाचले ते शौलाचेच राज्य होते. पण परतताना स्त्रियांनी गाणे म्हटले, त्यात शौलाच्या नावावर हजार आणि दाविदाच्या नावावर दहा हजार लागले, आणि त्या दिवसापासून शौल दाविदाकडे वक्र दृष्टीने पाहू लागला. गाण्यातल्या दोन आकड्यांनी राजा संपला. ज्याच्या वीणेने त्याला शांती मिळत असे त्याच्यावर त्याने भाला फेकला; त्याला भाकर दिली म्हणून नोब येथील ८५ याजक एका दिवसात मारवले; निवडक ३,००० माणसे घेऊन तो एका माणसाच्या मागे डोंगरकपारींतून हिंडला. एकदा तर पाठलाग ऐन भरात असताना निरोप आला की पलिष्ट्यांनी देशावर धाड घातली आहे, आणि त्याला मागे फिरावे लागले. शत्रू कुठे आहे याचे भान सुटलेल्या राजाचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

खरे पाहता दाविदामुळे शौलापेक्षा योनाथानाचे अधिक नुकसान होणार होते. शौलाने राज्य भोगले होते, योनाथानाला ते मिळायचे होते. बाप त्याला तोंडावर सांगतो की इशायाचा मुलगा, म्हणजे दावीद, जिवंत आहे तोवर तुझे राज्य स्थिर होणार नाही. योनाथानाने मात्र फार पूर्वीच आपला झगा, चिलखत, तलवार, धनुष्य आणि कमरबंद काढून दाविदाला दिले होते, आणि पुढे रानात लपलेल्या दाविदाला जाऊन तो सांगतो की तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन. एकीकडे अंगावरून ओरबाडून काढलेला झगा, दुसरीकडे स्वतःहून उतरवून दिलेला. योनाथानाला या मोठेपणाचे बक्षीस मिळाले असेही नाही; गिलबोवाच्या डोंगरावर तो बापाबरोबरच पडला. शास्त्र त्याच्याविषयी एवढेच म्हणते की दाविदावर त्याची स्वतःच्या प्राणासारखी प्रीती होती. ज्याचे यश मला माझेच वाटते त्याच्या यशाने मला दुःख होऊ शकत नाही, आणि पौल जेव्हा ‘प्रीती हेवा करीत नाही’ असे लिहितो तेव्हा तो याहून वेगळे काही म्हणत नसावा. त्याच्या आदल्याच अध्यायात त्याने एका शरीराचे अनेक अवयव वर्णिले आहेत, ज्यात एका अवयवाचा गौरव झाला तर सगळे अवयव आनंद करतात.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोणी मंडळीच्या खर्चाचा हिशेब मागितला, कोणी निर्णयाविषयी प्रश्न केला, की त्याला कोरहाची गोष्ट ऐकवण्याची एक वाईट सवय आपल्याकडे आहे. मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाला आणि त्याच्या साथीदारांना भूमीने गिळले, तेव्हा तुम्हीही मत्सर सोडा, असा त्याचा रोख असतो. प्रत्येक तक्रारीला मत्सर म्हणणे सत्ता हातात असलेल्यांच्या फार सोयीचे असते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने या बाबतीत काटेकोर भेद केला आहे. एखाद्याच्या उत्कर्षाने माझे किंवा इतरांचे नुकसान होईल म्हणून वाटणारे दुःख हे भय आहे. चांगली गोष्ट माझ्याकडे नाही म्हणून वाटणारी चुटपुट सद्‌गुणांच्या बाबतीत प्रशंसनीयच ठरते. अपात्र माणसाला मिळाले म्हणून वाटणारा संताप तो योग्य मानत नाही, पण त्यालाही मत्सराहून वेगळा धरतो. मत्सर म्हणजे दुसऱ्याच्या भल्याचे असे दुःख, की त्या भल्याने माझे मोठेपण कमी होते. मला यावरून एक व्यवहारी कसोटी सुचते: तक्रार करणाऱ्याला न्याय मिळाल्यावर त्याचे मन शांत होते का, की समोरचा पडल्यावरच ते शांत होईल?

शिवाय मत्सर हे नेहमी नसलेल्यांचेच पाप असते असेही नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात मत्सराचे उदाहरण म्हणून नाथान संदेष्ट्याने दाविदाला सांगितलेली गोष्ट घेतली आहे. एका गरिबाजवळ एकच मेंढी होती, तिला त्याने मुलीसारखे वाढवले होते. आणि श्रीमंताजवळ कळपच्या कळप असूनही त्याने तीच उचलून नेली. मोशेचे स्वतःचे वागणेही इथे पाहण्याजोगे आहे. एलदाद आणि मेदाद हे दोघे दर्शनमंडपाकडे न जाता छावणीतच संदेश देऊ लागले, तेव्हा एका तरुणाने धावत येऊन ते मोशेला कळवले, आणि मोशेचा सेवक यहोशवा त्यांना मना करा म्हणू लागला. माझ्यासाठी तुला हेवा वाटतो का, असे मोशेने त्याला विचारले, आणि परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरे, असे म्हटले. पुढाऱ्यापेक्षा त्याच्या अनुयायांनाच त्याच्या मानाची अधिक काळजी असते, हे तेव्हाही खरे होते.

मंडळीच्या आद्य पुढाऱ्यांना हा विषय तात्त्विक कुतूहलाचा नव्हता. त्यांच्यापुढे फुटलेल्या मंडळ्या होत्या. पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथ येथील मंडळीने आपल्या वडिलांना पदावरून दूर केले, तेव्हा रोमहून क्लेमेंतने पाठवलेल्या पत्रात काइनापासून दाविदापर्यंत मत्सराची मालिकाच मांडली आहे, आणि पेत्र व पौल यांच्या छळामागेही मत्सरच होता असे म्हटले आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने लिहिले की इतर दुष्कृत्यांना शेवट असतो, ती केली की संपतात. मत्सराला मर्यादा नाही. ऑगस्टीनचे निरीक्षण मात्र या सर्वांत माझ्या मनावर कोरले गेले आहे. अजून बोलताही न येणारे एक तान्हे बाळ आपल्याबरोबर दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे फिकट चेहऱ्याने, कडवट नजरेने पाहत होते, असे तो सांगतो. दूध मुबलक होते. तरी त्या बाळाला ते वाटून घेणे सोसवत नव्हते.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर ग्रेगरी याने मुख्य पापांची जी यादी केली तीत मत्सराला जागा दिली आणि त्याची अपत्येही सांगितली: द्वेष, कुजबूज, निंदा, शेजाऱ्याच्या विपत्तीत आनंद आणि त्याच्या भरभराटीत खेद. यातली कुजबूज मला विशेष ओळखीची वाटते, कारण मंडळीत ती क्वचितच निंदेच्या सुरात होते. ती काळजीच्या सुरात होते. ‘त्याच्यासाठी जरा प्रार्थना करा, हल्ली फार पुढे पुढे करू लागला आहे.’ प्रेषितांच्या कृत्यांत महायाजक आणि त्याच्या बाजूचे सदूकी पंथाचे लोक मत्सराने भरून प्रेषितांना तुरुंगात टाकतात. आपण देवाच्या मंदिराचे रक्षण करीत आहोत, अशीच त्यांची समजूत असणार. पिलात हा काही फार धार्मिक किंवा सज्जन मनुष्य नव्हता, पण येशूला हेव्याने धरून आणले आहे हे त्याला ओळखता आले. बाहेरच्या माणसाला जे एका नजरेत दिसते ते आवेशाच्या वस्त्रांखाली असलेल्या माणसाला स्वतःला दिसत नाही.

वाटे सारखे केले तर मत्सर जाईल, असे अजूनही कोणाला वाटत असेल तर त्याने मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला वाचावा. पहाटेपासून दिवस मावळायच्या तासभर आधीपर्यंत वेगवेगळ्या वेळी मजूर कामाला लागतात आणि संध्याकाळी प्रत्येकाला एकच दीनार मिळतो. पहिल्यांची कुरकूर ‘आम्हाला कमी मिळाले’ अशी नाही. तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले, ही त्यांची तक्रार आहे. आता समानता हेच दुःख झाले आहे. मजुरी ठरली होती तेवढी त्यांच्या हातात आहे, कोणी त्यांना फसवलेले नाही, आणि शेवटचे येऊन तासभर राबून गेले नसते तर हेच लोक तो दीनार घेऊन आनंदाने घरी गेले असते. मालकाने मजुरी द्यायला शेवटच्यांपासून सुरुवात केली हा तपशीलही माझ्या नजरेतून सुटत नाही. पहिल्यांना आधी देऊन वाटेला लावले असते तर कोणाला काही कळले नसते आणि कुरकूर टळली असती. त्याने ते टाळले नाही. बन्यामिनाचे ताट जसे सर्वांसमोर मांडले गेले, तसेच हे दीनारही पहिल्यांच्या डोळ्यांदेखत मोजले गेले. मी चांगला आहे म्हणून तुझी दृष्टी वाईट झाली काय, हा मालकाचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि त्याला मजुरांनी काय उत्तर दिले हे येशू सांगत नाही.

नव्या करारात या प्रश्नाला ज्यांनी जगून उत्तर दिले त्यांत बाप्तिस्मा करणारा योहान येतो. सगळे लोक आता येशूकडे चालले आहेत, असे शिष्यांनी येऊन सांगितल्यावर ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा हे अवश्य आहे’ असे तो म्हणाला. पौलही येतो. तो बंदिवासात असताना काही जण हेव्याने, त्याच्या बंधनांत आणखी भर घालण्याच्या हेतूने ख्रिस्ताची घोषणा करीत होते. फिलिप्पैकरांना तो लिहितो की निमित्ताने असो वा खरेपणाने असो, ख्रिस्ताची घोषणा होते, आणि यात मी आनंद करतो. पौल सहजासहजी गप्प बसणारा मनुष्य नव्हता. गलतीकरांना लिहिताना खोट्या शिकवणीवर त्याने शापवाणी उच्चारली आहे. शिकवण खोटी असेल तर तो लढतो, आणि शिकवण खरी असून हेतू मात्र त्याला खाली पाडण्याचा असेल तर सोडून देतो. हा विवेक मला त्याच्या चमत्कारांपेक्षा दुर्मीळ वाटतो.

पेत्राला ते एवढे सहज जमले नाही, आणि म्हणून त्याचा प्रसंग मला जवळचा वाटतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्रकाठी, येशू त्याला ‘माझी मेंढरे चार’ म्हणून तीन वेळा सांगतो आणि त्याला कोणत्या प्रकारचे मरण येणार हेही सुचवतो. इतके मोठे दान आणि इतके अवघड भविष्य एकाच वेळी पदरात पडलेले असताना पेत्र मागे वळून पाहतो, तर येशूची ज्याच्यावर प्रीती होती तो शिष्य मागून येत असतो. ‘प्रभू, याचे काय?’ असे पेत्र विचारतो. मी येईपर्यंत याने राहावे अशी माझी इच्छा असली तर त्याचे तुला काय, तू माझ्यामागे ये, असे उत्तर त्याला मिळते. पुढच्याच वचनात शुभवर्तमानकार नोंदवतो की यावरून बंधुवर्गात अशी बोलवा पसरली की तो शिष्य मरणार नाही, आणि येशू तसे म्हणाला नव्हता, हा खुलासा त्याला करावा लागला. ‘त्याचे तुला काय’ हे प्रभूचे शब्द सर्वांच्या कानी पडले होते, तरी चर्चा झाली ती त्या दुसऱ्याला काय मिळणार याचीच.